कडा चढताना दोर कसा सांभाळावा

रायगडाशेजारचा लिंगाणा एका दोराच्या लांबीत चढून होत नाही. टप्पे पाडावे लागतात. पुढचा चढत असता खालचा त्याचा दोर सांभाळतो. यालाच बिले म्हणतात. टप्पा संपला की वरचा खालच्याला सांभाळून घेतो. शेवटी दोघांनाही दुपदरी दोरावरून उतरायचे असते.

ही तिन्ही कामे एका साधनाने व्हावीत, तर दोन खाचांची, आधाराला थेट टांगता येणारी बिले-नळी घ्यावी. १९९१ साली आलेली ग्रिग्री झटक्यासरशी दोर आवळते खरी. पण तिच्यात एकच पदर बसतो. साधनाला किती जाडीचा दोर चालतो, हेही आधी पाहावे. फार बारीक दोर खाचेतून सरकतो.

टांगलेली नळी खालच्याचा भार पडताच दोर दाबून धरते. मात्र लोंबकळणाऱ्याला खाली सोडणे तेव्हा अवघड जाते. ती रीत जमिनीवरच शिकावी. पुढच्याला सांभाळताना तर नळी केवळ हाताचे बळ वाढवते. सुट्या टोकावरचा हात निघाला, की तो पडलाच. म्हणून कोणतेही साधन असो, तो हात सोडू नये. चांगले साधन मागणे हा हक्क आहे. दोर धरून जागे राहणे हे सोबत्याचे देणे आहे.