दहा सेकंदांचं भांडं

कॉकटेल शेकर दिसायला कितीही दिमाखदार असला, तरी त्याची कामं तीनच. पेय गार करायचं, त्यात बेताचं पाणी मिसळायचं आणि हवेचे बारीक बुडबुडे कोंडायचे. ही तिन्ही कामं दहा-बारा सेकंदांत एकदमच उरकतात. मग पेय गाळून ग्लासात जातं आणि शेकर सिंकमध्ये. एवढ्याशा कामासाठी बाजारात काचेचे, तांब्याच्या रंगाचे, दुपदरी, अंगावर पाककृती छापलेले असे नाना प्रकार मिळतात. भेट म्हणून आलेले त्यातले बरेच एकदोनदा वापरून फडताळात जातात, कारण घेताना पाहिली जाते चकाकी आणि राहून जातं ते झाकण.

शेकर एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत जन्मला, आणि त्याच्यामागे बर्फाचा व्यापार होता. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांनी गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून जहाजांनी दूरदेशी विकायला सुरुवात केली. हा बर्फ १८३३ मध्ये कलकत्त्याला उतरला. पुढे मुंबई आणि मद्रासलाही तो साठवण्यासाठी आइस हाउस उभी राहिली. आपल्याकडे तो साहेबांच्या आणि धनिकांच्या टेबलापुरताच राहिला. अमेरिकेत मात्र साध्या दारूच्या दुकानापर्यंत पोचला. तिथले बारटेंडर मद्य, लिंबू, साखर आणि बर्फ एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात ओतून मिसळत. पुढे लहान पेला मोठ्यावर उपडा घालून दोन्ही एकत्र हलवायची युक्ती रूढ झाली. १८८४ मध्ये ब्रुकलिनच्या एडवर्ड हॉक यांनी झाकणातच गाळणी बसवलेल्या तीन भागांच्या शेकरचं पेटंट घेतलं. आज भेटवस्तूंच्या दुकानात दिसतो तो शेकर मुळात हाच.

तो घराघरांत शिरला तो विसाव्या शतकात. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. बार बंद झाले आणि पिणं दिवाणखान्यात आलं. बंदी उठल्यावर शेकर ही यजमानाच्या ऐटीची वस्तू झाली. १९३६ मध्ये नेपियर कंपनीने पेंग्विनच्या आकाराचा शेकर काढला. नॉर्मन बेल गेडिस या आरेखकाने रिव्हिअर कंपनीसाठी गगनचुंबी इमारतींच्या धर्तीवरचा उभट शेकर घडवला. आता हे नमुने संग्राहकांकडे असतात. १९३४ च्या ‘द थिन मॅन’ या चित्रपटात तर नायक बारमध्ये धडेच देतो: कोणतं कॉकटेल कोणत्या नाचाच्या ठेक्यावर हलवायचं. अमेरिकेतली बंदी उठली त्याच १९३३ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात हार्बर बार सुरू झाला. शहरातला पहिला परवानाधारक बार म्हणून तो ओळखला जातो.

आता या भांड्याच्या आत काय घडतं ते पाहू. एक ग्रॅम बर्फ वितळताना साधारण ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो, आणि पेय गार होतं ते मुख्यतः या वितळण्यामुळे. म्हणजे पाणी सुटल्याशिवाय गारवा नाही. पण शून्य अंशाचा बर्फ पेयाला उणे ५ अंशांच्या आसपास कसा नेतो? उन्हाळ्यात पॉट आइस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ घालतात ते ज्या कारणासाठी, तेच कारण इथे. तिथे मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळत राहतो. इथे ते काम मद्यार्क आणि साखर करतात.

हे पाणी म्हणजे भेसळ नव्हे, ते पाककृतीचाच भाग आहे. क्यूबाच्या डायकिरीचं उदाहरण घ्या: ६० मिलि पांढरी रम, २५ मिलि लिंबाचा रस आणि २० मिलि साखरेचा पाक. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पातळ पाक. हे मिश्रण न हलवता चाखलं तर जीभ आंबते आणि घसा जळतो. बर्फाबरोबर हलवल्यावर त्यात ३० ते ५० मिलि पाणी उतरतं आणि आंबट, गोड, कडक यांचा मेळ बसतो. फ्रीझरमधून नुकताच काढलेला कोरडा बर्फ कमी पाणी सोडतो, बाहेर राहून ओला झालेला जास्त. आपल्याकडे मे महिन्यात बाटलीच तिशीपार तापलेली असते. ती आधी फ्रिजमध्ये ठेवली तर पेय कमी पातळ होतं.

शेकरच्या मुख्य जाती तीन. पहिली कॉब्लर: खालचा पेला, त्यावर गाळणीचं झाकण आणि वर टोपी. वेगळी गाळणी लागत नाही, म्हणून नवख्याला सोयीचा. त्याचं दुखणंही ठरलेलं आहे. पेय गार झालं की आतली हवा आकसते, धातूही किंचित आकसतो आणि टोपी किंवा झाकण घट्ट चिकटून बसतं. यावर साधा उपाय म्हणजे गाळणीचं झाकण आधी बसवायचं, टोपी शेवटी. मधली कोंडलेली हवा निघून जाते. दुसरी जात बॉस्टन: सुमारे ८३० मिलिचा मोठा पेला आणि त्यात तिरका बसणारा ५३० मिलिच्या आसपासचा लहान पेला किंवा जाड काचेचा ग्लास. आकसणारी हवा इथे मदतीला येते, दोन्ही पेले आपोआप जखडले जातात. उघडताना, पेल्यांमधली फट जिथे सुरू होते तिथे बाजूने तळहाताने ठोसा द्यायचा. व्यावसायिक बारटेंडर सहसा हाच वापरतात, कारण तो भराभर धुता येतो आणि एका वेळी दोन-तीन पेयं होतात. मात्र त्याला कडेने स्प्रिंग असलेली हॉथॉर्न गाळणी वेगळी घ्यावी लागते. तिसरी जात पॅरिसियन: दोनच भाग, गाळणी नाही, दिसायला सर्वांत देखणी, पण आपल्याकडे कमी मिळणारी.

घरासाठी घेताना काय पाहावं? धातू साधं स्टेनलेस स्टील असावं. लिंबाच्या रसाशी त्याचं वाकडं नाही आणि गारवा चटकन हाताला कळतो. नुसतं तांबं किंवा पितळ नको. आंबट पदार्थासाठी अशा भांड्यांना आपल्याकडे कल्हई करतात ती उगाच नाही. बाहेरून तांब्याचा रंग असला तरी आतून स्टील असेल तर हरकत नाही. दुपदरी शेकर हाताला गार लागत नाही, पण त्यामुळेच पेय कधी तयार झालं तेही समजत नाही. एकपदरी शेकरवर दव धरतं, धातू बोटांना बोचू लागतो. ती थांबायची खूण. काच दिसते छान, पण हातातून निसटली की संपलं. आकार ५०० ते ७५० मिलिचा बरा. त्याहून लहान असेल तर बर्फाला हलायला जागा उरत नाही, आणि बर्फ आपटला नाही तर हवा कोंडली जात नाही. जिममधल्या प्लास्टिकच्या शेकरने किंवा घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीनेही वेळ भागते. फक्त प्लास्टिकला वास धरतो.

वापरायची रीत सोपी आहे. आधी मापून जिन्नस घाला. ३० आणि ६० मिलिचं पेगचं माप त्यासाठी पुरेसं आहे. बर्फ शेवटी, मोठे खडे, दोनतृतीयांशापर्यंत. टोपीवर बोट, तळाला दुसरा हात, आणि खांद्याच्या उंचीवर मागेपुढे जोरात दहा-बारा सेकंद. बॉस्टन असेल तर लहान पेला स्वतःकडे ठेवावा. सुटलाच तर पाहुण्यावर शिंतोडे उडत नाहीत. पुदिना किंवा बर्फाचा चुरा नको असेल तर ओतताना ग्लासावर चहाची बारीक गाळणी धरा. वापरलेला बर्फ टाकून द्या, ग्लासात ताजा घ्या. अंड्याचा पांढरा भाग असेल तर आधी बर्फाविना हलवा म्हणजे फेस धरतो, मग बर्फ घालून पुन्हा.

काय हलवू नये, हेही ठाऊक हवं. सोडा, टॉनिक, बिअर कधीच नाही. वायूच्या दाबाने झाकण उडतं. गरम पदार्थही नाही. लिंबू, फळांचा रस, साय किंवा अंडं असेल तर हलवायचं आणि निव्वळ मद्यांचं मिश्रण असेल तर चमच्याने ढवळायचं, हा जुना दंडक आहे. इयान फ्लेमिंग यांच्या जेम्स बॉण्डने मार्टिनी हलवून मागून तो मोडला. हलवलेली मार्टिनी गढूळ दिसते आणि अंमळ पातळही होते. आवडत असेल तर खुशाल प्यावी.

हलवण्याच्या शैलीवर बराच वाद झाला आहे. टोकियोच्या गिंझा भागात ‘टेंडर बार’ चालवणाऱ्या काझुओ उएदा यांचा ‘हार्ड शेक’ जगभर गाजला. हाताच्या ठरावीक वळणांनी बारीक बुडबुडे धरतात आणि चव मऊ होते, असं त्यांचं म्हणणं. न्यूयॉर्कच्या डेव्ह अर्नल्ड यांनी तापमापक लावून मोजलं. त्यांचं ‘लिक्विड इंटेलिजन्स’ हे पुस्तक २०१४ मध्ये आलं. त्यांचा निष्कर्ष असा की बारा सेकंद जोरात हलवल्यावर गारवा आणि पाणी दोन्ही जवळजवळ स्थिरावतात; शैली कोणतीही असो. घरच्या माणसाने यातून धीर घ्यावा. हात कसा फिरतो याची चिंता नको, फक्त आळस नको.

शेकर मद्यापुरताच आहे असंही नाही. तैवानमध्ये ताइचुंग शहरातल्या चुन शुई तांग या चहाघराने १९८३ पासून थंड चहा शेकरमध्ये हलवून द्यायला सुरुवात केली, आणि बबल टीच्या जन्मकथेत त्याचं नाव घेतलं जातं. ग्रीसमधली फेसाळ फ्रापे कॉफीही १९५७ च्या थेस्सालोनिकीच्या जत्रेत शेकरमधूनच निघाली. आपल्या घरात अमृत कोकम, लिंबू, चिमूटभर मीठ आणि पाणी असंच हलवून पाहा. वर गुलाबी फेस येतो. चालत असेल तर त्यातच ४५ मिलि काजू फेणी घाला. गोव्याच्या या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; तिचा उग्र वास कोकमाच्या आंबटपणात छान मुरतो. मात्र महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, हे यजमानाने विसरू नये.

तेव्हा पहिला शेकर घेताना साधा, एकपदरी, स्टीलचा, पाऊण लिटरपर्यंतचा कॉब्लर घ्या. घरी आणल्यावर त्यात पाणी आणि बर्फ घालून सिंकवर धरून जोरात हलवा. थेंब गळला किंवा झाकण उघडेना, तर तो दुकानात परत करा. वापरून झाल्यावर लगेच धुवा आणि कोरडा करून झाकण न लावता ठेवा. उरलेले पैसे ताज्या लिंबांवर आणि बर्फाच्या चांगल्या ट्रेवर खर्च करा. चवीत फरक पडतो तो त्यांच्यामुळे.