बीटाचा हिशेब तीन चकत्यांत

अणुभट्टीत किंवा रेडिएशन विभागात काम करणाऱ्यांच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो, टीएलडी बॅज. गॅमा किरण मोजताना तो सहसा अडत नाही. त्याचा कस लागतो बीटा कणांपुढे.

बीटा कण म्हणजे अणुकेंद्रातून सुटलेले वेगवान इलेक्ट्रॉन. फॉस्फरस-३२चे कण शरीरात जास्तीत जास्त ८ मिलिमीटर शिरतात. त्यामुळे धोका प्रामुख्यानं त्वचेला आणि डोळ्यांना. त्वचेतला नाजूक पेशींचा थर ०.०७ मिलिमीटर खोल धरतात आणि मात्रा तिथली काढतात. तिची वार्षिक मर्यादा ५०० मिलिसीव्हर्ट.

भाभा अणुसंशोधन केंद्रानं विकसित केलेल्या बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेट आणि टेफ्लॉनच्या तीन चकत्या असतात. पहिलीवर तांबं-ॲल्युमिनियमचं झाकण, दुसरीवर सुमारे दीड मिलिमीटर प्लॅस्टिक, तिसरी जवळपास उघडी. चकत्या तापवल्या की साठलेली ऊर्जा प्रकाशरूपानं बाहेर पडते आणि ती मोजली जाते.

खरी गंमत तिन्ही आकडे शेजारी मांडल्यावर कळते. फक्त उघडी चकती जास्त उजळली, तर बीटा. उघडी आणि प्लॅस्टिकखालची दोन्ही सारख्याच उजळल्या आणि धातूखालची मागे राहिली, तर कमी ऊर्जेचे क्ष-किरण. ते प्लॅस्टिकला जुमानत नाहीत. पण यट्रियम-९०चे जोरकस बीटा कणही प्लॅस्टिक पार करतात. मग उघड्या आणि प्लॅस्टिकखालच्या चकतीच्या आकड्यांच्या गुणोत्तरावरून ऊर्जेचा अंदाज बांधावा लागतो.

अडचण चकतीच्या जाडीतही आहे. ती ०.८ मिलिमीटर जाड. मंद बीटा कण तिच्या वरच्या पापुद्र्यातच अडकतात, बाकीची चकती कोरी राहते आणि मात्रा कमी भरते. खिशातलं पेन किंवा ओळखपत्र बॅजवर आलं तरी तोच घोटाळा. ट्रिटियमचे कण तर हवेतच सुमारे ६ मिलिमीटरवर थांबतात. म्हणून तारापूरच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांसारख्या ठिकाणी ट्रिटियमसाठी लघवीची तपासणी करतात.

जागेचाही प्रश्न आहे. मार्च २०११मध्ये फुकुशिमात तीन कामगार किरणोत्सारी पाण्यात उभे राहून केबल टाकत होते. त्यांच्या डोसमीटरांवर १७० मिलिसीव्हर्टच्या वर नोंद झाली. पण बीटाचा मारा बसत होता पायांना. हातांनी किरणोत्सारी औषधं हाताळणाऱ्यांना बोटात डोसमीटरची अंगठी देतात ती याचसाठी.

म्हणून अहवालात बीटाची मात्रा शून्य आली, तर निर्धास्त होण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: स्रोत कोणता होता आणि बॅज नेमका कुठे होता?