गाणं जुळत का नाही?

व्हिडिओ बघून गिटार शिकणारे बरेच जण महिन्याभरात वैतागतात. बोटं बरोबर, तरी गाणं जुळत नाही! मग गिटार जाते कपाटावर. आधी ट्यूनिंग बघा: जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई. तेही ठीक असेल तर शिकवणाऱ्याच्या गिटारला चिमटा लावलाय का बघा. तोच कॅपो. दर फ्रेटला सूर अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे फ्रिक्वेन्सी सुमारे १.०६ पट, १२व्या फ्रेटला तार निम्मी, फ्रिक्वेन्सी दुप्पट (फिजिक्स इथे तरी कामाला आलं!). म्हणून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून धरलेली जी कॉर्ड प्रत्यक्षात ए वाजते. कॅपो नसेल तर सरळ ए धरा, बाकीच्या कॉर्ड्सही तेवढ्याच चढवा. आणि रात्री अकरानंतर प्लीज नको, शेजारी सबमिशन चालू असतं.