‘तुमचं घर कुठलं?’

फ्लोरेस बेटावर जाणारे बहुतेक जण कोमोडोचे महाकाय सरडे बघायला जातात. आम्ही तिघे मित्रही त्यासाठीच गेलो होतो. तीन मीटरपर्यंत वाढणारा हा प्राणी आमच्यासमोर झाडाखाली पोट टेकून निवांत पसरला होता, आणि रेंजर लांब काठी घेऊन आम्हाला ‘आणखी मागे’ म्हणत होता. फोटो झाले, बोट परत फिरली. मजा आली. पण डोक्यात राहिलंय ते दुसऱ्या दिवशीचं.

इंडोनेशियात 17,000 हून अधिक बेटं आहेत. त्यातलं फ्लोरेस पूर्वेकडचं. नाव पोर्तुगीज, अर्थ ‘फुलं’. इथले बहुसंख्य लोक कॅथलिक. पण चर्चला जाणाऱ्यांनी पूर्वजांना नैवेद्य दाखवणं सोडलेलं नाही. गोव्याच्या वाचकांना यात फार नवल वाटणार नाही.

लाबुआन बाजोहून गाडीने डेंगे गाव गाठलं. तिथून पुढे वाए रेबोला रस्ताच नाही. जंगलातली चढणीची पायवाट. अडीच-तीन तासांची म्हणतात, आम्हाला चार लागले. अर्ध्यात पाऊस सुरू झाला, जळवा मोज्यांत शिरल्या आणि एका वळणावर माझा पाय घसरला. दरीच्या बाजूला. वाटाड्याने सॅकचा पट्टा धरला म्हणून कमरेइतकाच खाली गेलो. नंतर बराच वेळ कोणी विनोद केला नाही. शेवटी वाटाड्यानेच भाषेचा विषय काढला. इंडोनेशियन भाषेत संस्कृतातून आलेले शब्द भरपूर आहेत : ‘बाहासा’ म्हणजे भाषा, ‘सुआमी’ म्हणजे नवरा, ‘इस्त्री’ म्हणजे बायको. आणि ‘दोसा’ म्हणजे पाप! उडप्याकडे रविवारी सहकुटुंब केलेली पापं आठवून आम्ही हसलो. तो घरी मांगराई बोलतो, बाहेर इंडोनेशियन. घरी मराठी आणि सोसायटीत गुजराती बोलत वाढलेल्या आम्हा बडोदेकरांना यात समजून सांगावं असं काही नव्हतं.

गावाच्या वेशीवर त्याने बांबू वाजवून पाहुणे आल्याची वर्दी दिली. धुकं सरलं आणि खाली सात शंकू दिसले. हीच ती ‘म्बारू नियांग’ घरं, जमिनीपासून गवताने शाकारलेली, आतून पाच मजली. खाली माणसं राहतात, वरच्या माळ्यांवर धान्य, बियाणं, दुष्काळासाठीचा साठा, आणि सगळ्यात वर पूर्वजांचा नैवेद्य. (आम्ही आयटीवाले ‘बॅकअप’वर व्याख्यानं देतो, इथे त्यासाठी अख्खा मजला आहे.) मध्यंतरी यातली चारच घरं उभी राहिली होती. वास्तुविशारद योरी अंतार यांच्या पुढाकाराने, देणग्यांवर, पण गावकऱ्यांच्या हातांनी उरलेली बांधली गेली. 2012 मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

आधी मुख्य घरात जायचं, तोवर कॅमेरा बंद. एक वृद्ध गृहस्थ मांडी घालून बसले होते. त्यांनी पूर्वजांना आमची खबर दिली, आमच्यासाठी अभय मागितलं. मग त्यांनी मला विचारलं, “तुमचं घर कुठलं?”

“बडोदा.”

वाटाड्याने भाषांतर केलं. आजोबांनी मान हलवली. “ते राहण्याचं. तुमचे वाडवडील कुठून आले?”

मी म्हटलं, “महाराष्ट्रातून.” पुढचा प्रश्न गावाचा होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. गायकवाडांच्या काळात पणजोबा नोकरीला आले, एवढंच ऐकलेलं.

आजोबांना माझी गंमत वाटली असावी. त्यांचा मूळ पुरुष एम्पो मारो सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ प्रदेशातून समुद्रमार्गे आला, असं हे गाव सांगतं. म्हणजे दोन हजार किलोमीटरहून लांबून. लिहिलेलं काही नाही, पण कुठे-कुठे थांबत इथे आला, ते त्यांनी चुलीपुढे बसून सांगितलं. मी त्यांच्याच मळ्यातली काळी कॉफी पीत ऐकत होतो. रात्री सगळे पाहुणे गोल घरात ओळीने चटयांवर झोपले. मला उशिरापर्यंत झोप आली नाही. दरीचंही आठवत होतं, म्हणा.

गावात मोबाइलला रेंज नाही. लाबुआन बाजोला परतल्यावर आईला फोन केला.

“आई, आपलं मूळ गाव कोणतं गं?”

“मध्येच काय हे? पैसे-बिसे हरवलेस का तिकडे?”

“नाही गं. सांग ना.”

“माझ्या माहेरचं सांगते. तुमच्याकडचं बाबांना ठाऊक होतं. मी कधी विचारलं नाही, तूही नाहीस. आत्यांना फोन कर.”

इंदूरच्या आत्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना गावाचं नाव आठवेना. नीरेच्या काठी होतं, घाटावर पिंपळ होता, आणि देवघरातले टाक तिथूनच आलेत, एवढं म्हणाल्या. मग थोडं थांबून, “दादाच्या लोखंडी पेटीत एक वही होती बघ, लाल बांधणीची.”

पेटी माळ्यावर आहे. किल्ली सापडत नाही. शनिवारी कुलूपवाला येतोय.