पावसाचा कोरा तक्ता

मुंबईत हिंदमाताच्या चौकात पाणी किती चढले याची चर्चा दादर-परळकडे गुडघ्याच्या आणि कमरेच्या मापाने चालते. परंतु ते का चढले याचा हिशेब मिलिमीटरांत आणि मिनिटांतच मांडावा लागतो, आणि हे काम किती निगुतीचे आहे हे मला परळमधील एका लहानशा सल्लागार कचेरीत, त्यात मुरलेल्या एका बाईंच्या शेजारी बसून पाहावयास मिळाले. पर्जन्यमापकातील इवलीशी डोलती पात्रे ठराविक पाणी साचताच कलंडतात, प्रत्येक कलंडण्याची नोंद होते, आणि दर पंधरा मिनिटांची बेरीज स्वल्पविरामांनी तोडलेल्या एका रुक्ष फाइलीच्या रूपाने बाहेर पडते. ती फाइल आत ओतताच आलेख आपोआप उभा राहावा, असा एक्सेलचा कायमचा टेम्प्लेट सिद्ध करण्यात बाई गढून गेल्या होत्या.

पहिल्या पानावर कच्च्या नोंदी जशाच्या तशा. तेथील एकही आकडा हाताने दुरुस्त करावयाचा नाही, असा त्यांचा दंडक. सूत्रे दुसऱ्या पानावर. संगणकाने महिना आधी आहे असे मानून तारीख वाचली, तर सात जूनचा पाऊस सहा जुलैच्या खात्यावर जमा होतो. म्हणून दिवस, महिना आणि वर्ष हे तीन रकाने त्या वेगळे काढतात. वेधशाळेचा पर्जन्यदिन सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, यास्तव नोंदीच्या वेळेतून साडेआठ तास वजा केल्यावाचून दिवसाची बेरीज जुळत नाही.

खरी मेख मात्र कोऱ्या रकान्यात होती. भर पावसात यंत्र बंद पडले की त्या वेळेचा रकाना रिकामा येतो, बेरजेचे सूत्र त्याला मुकाट्याने शून्य धरते, आणि जो तास कदाचित सर्वांत मुसळधार होता तोच दप्तरी कोरडा ठरतो. बाईंच्या तक्त्यात अशा जागी राखाडी पट्टा उमटतो आणि बेरजेपुढे ‘नोंद अपुरी’ असा शेरा येतो. ‘‘आकडा नाही, हे सांगायला लाज कसली? पण पाऊस नव्हता असं खोटं सांगू नये,’’ त्या म्हणाल्या.

तिसऱ्या पानावरील आलेखात पावसाचे खांब, आणि त्यांना छेदणाऱ्या दोन आडव्या रेषा : एक ताशी २५ मिलिमीटरची, जुन्या पर्जन्यजलवाहिन्यांच्या क्षमतेची, दुसरी ५० ची, शहराच्या पर्जन्यजलनिस्सारणाच्या ब्रिमस्टोवॅड योजनेने गृहीत धरलेली. पंधरा मिनिटांच्या पावसाला चाराने गुणल्याखेरीज या रेषांशी तुलना करता येत नाही, हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. उजवीकडच्या अक्षावर समुद्राची भरती असते. वेळापत्रकात भरती-ओहोटीच्या टोकांच्याच वेळा दिलेल्या असल्याने मधली वक्ररेषा कोसाइनच्या सूत्राने भरावी लागते. पण ती भरल्यावाचून, सखल हिंदमाताचे पाणी समुद्राकडे का उतरले नाही हे आलेखावरून कळावयाचे नाही.

उभ्या अक्षाची कमाल मर्यादा बाईंनी स्वतः ठरवून पक्की केलेली होती, आणि मला सर्वांत पटला तो हा निर्णय. संगणक आपल्या मर्जीने माप निवडतो, त्यामुळे रिमझिमीचा खांबही कागदाच्या माथ्यापर्यंत पोचतो. २६ जुलै २००५ च्या पर्जन्यदिनी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्यास ७३ च्या आसपास. दोन्ही ठाण्यांचे आलेख अशा मोकाट मापाने स्वतंत्र काढले असते, तर दोहोंतील सर्वोच्च खांब जवळपास सारख्याच उंचीचे दिसले असते. एका शहरातील पर्जन्यमापकांची तुलना करणाऱ्या तक्त्याला अक्षाचे माप एकच हवे, आणि ते फाइल हाती येण्यापूर्वी ठरलेले हवे. तसे ते नसेल, तर कितीही सुबक रंगवलेला आलेख परत पाठवावा.