फाइल पोहोचण्याआधीच ओळखली कशी?

गोड्या बहाराची छाटणी जवळ आली की दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फवारणीच्या वेळापत्रकाची पीडीएफ फिरू लागते. डावणी रोगाला काय, भुरीला काय, छाटणीनंतर कितव्या दिवशी किती मात्रा. मोहाडीहून ती जानोरीला जाते, खेडगावहून वणीला. समजा, पाचशे जणांनी ती आपापल्या क्लाउड खात्यात जपून ठेवली. मग कंपनीच्या साठ्यात तिच्या किती प्रती असतील? पाचशे, असं कोणीही म्हणेल. पण उत्तर 'एक' असंही असू शकतं. आणि अशाच एका प्रतीवरून 2011 साली एका अभ्यासकाने एका क्लाउड कंपनीच्या आश्वासनातली फट शोधून काढली.

कोणत्याही फाइलवर 'शा-256' नावाची गणिती क्रिया केली की 64 अक्षरांची एक ओळ मिळते. तो त्या फाइलचा अंगठ्याचा ठसाच. वेळापत्रकात एक स्वल्पविराम बदला, सगळी ओळ पालटते. दोन वेगळ्या फाइलींची ओळ सारखी निघावी ही शक्यता व्यवहारात शून्य, कारण संभाव्य ओळींची संख्या लिहायला 78 अंक लागतात. ओळीवरून मूळ मजकूर मात्र उलगडत नाही.

ड्रॉपबॉक्स ही क्लाउड सेवा तेव्हा फाइलीचे 4 एमबीचे तुकडे करायची आणि तुकड्याआधी त्याचा ठसा पाठवायची. तोच तुकडा आधीच कोणीतरी ठेवलेला असेल, तर तो पुन्हा चढवायचाच नाही. तुमच्या खात्यात नुसती नोंद करायची. मोठाली फाइल क्षणात चढल्यासारखी दिसे. क्रिस्टोफर सोघोयन या अभ्यासकाने नेमकं हेच हेरलं. प्रत्येकाची फाइल त्याच्या स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद होत असेल, तर एकच मजकूर दोन खात्यांत वेगवेगळा दिसायला हवा आणि प्रती एकत्र करणं जमायला नको. ज्या अर्थी जमतंय, त्या अर्थी किल्ली कंपनीकडे आहे. सर्व्हरला हातही न लावता, फाइल चढवताना किती डेटा जातो एवढ्यावरून काढलेला हा निष्कर्ष! मला तो फार देखणा वाटतो.

कर्मचाऱ्यांना तुमच्या फाइली 'पाहता येत नाहीत', असं कंपनी तोवर सांगत होती. नंतर ते वाक्य बदललं: पाहायला 'मनाई आहे'. खोलीला दारच नसणं आणि दारावर 'प्रवेश बंद' लिहिलेलं असणं, यांत जेवढं अंतर तेवढंच या दोन वाक्यांत आहे. अटी वाचताना हाच फरक शोधावा, असं माझं ठाम मत आहे.

त्याच वर्षी जुलैत ड्रॉपबॉक्सच्या नव्या अटींवरून पुन्हा गदारोळ झाला. फाइलींची मालकी तुमचीच. पण त्या वापरण्याची, त्यांच्या प्रती काढण्याची, त्या वितरित करण्याची जगभरची विनामोबदला परवानगी तुम्ही आम्हाला देता, असा त्यांचा मजकूर होता. वाचून धडकी भरते, पण त्यामागे यंत्राची खरी गरज आहे. फोटोचं छोटं चित्र बनवणं म्हणजे प्रत काढणं. आगीपुराच्या भीतीने दुसऱ्या शहरात ठेवणं म्हणजेही प्रतच. परवानगीशिवाय क्लाउड चालणारच नाही. प्रश्न उरतो तो परवानगी कुठे थांबते याचा. जुलै 2025 मध्ये फाइली पाठवण्याची सेवा देणाऱ्या वीट्रान्सफरने आपल्या अटींत यंत्रांच्या शिकवणीचा उल्लेख घातला, लोक खवळले आणि तो काढून टाकावा लागला. फाइलींवर एआयला शिकवत नाही, असा खुलासाही कंपनीने केला. वाक्य इतकं ऐसपैस लिहिलं की भीतीला जागा मिळणारच.

आपल्याकडे 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातलं एक कलम मला विशेष मोलाचं वाटतं: संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल. म्हणजे मराठीतही. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यानंतर 18 महिन्यांची मुदत आहे.

फवारणीचं वेळापत्रक कोणी पाहिलं तरी बिघडत नाही. पण त्याच फोनमध्ये सातबारा असतो, आधार कार्ड असतं, बँकेच्या पासबुकाचा फोटो असतो. डावणी पडलेल्या पानाच्या फोटोतसुद्धा, कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर, अक्षांश-रेखांश दडलेले असतात. बाग काही मीटरच्या फरकाने नकाशावर सापडते.

यातलं बरंच काही आपण व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवतो. संदेश वाटेत कुलूपबंद असतात. अँड्रॉइडवर त्यांचा बॅकअप मात्र गूगल खात्यात जातो आणि त्याला तसंच कुलूप हवं असेल तर चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आपण होऊन चालू करावं लागतं. 2021 पासून ही सोय आहे. तिथे पासवर्ड ठरवता येतो किंवा 64 अंकी किल्ली घेता येते. ती किल्ली कंपनीकडे नसते, म्हणून हरवली तर बॅकअप कंपनीलाही उघडता येत नाही. किल्ली कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. फोनमध्येच फोटो काढून ठेवू नये.