शब्दसंग्रहसेवेतील शोध आणि दुरुस्ती यांची परीक्षा

कोशकार्यातील शब्दनोंदी आता कार्डांऐवजी बहुधा संगणकावरील माहितीसेवेत ठेवल्या जातात. अशा सेवेची प्राथमिक कामे दोन: मागितलेली नोंद काढून देणे आणि सांगितलेली दुरुस्ती नोंदीत करणे. ही कामे बिनचूक होतात की नाही हे कसे ठरवावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

परीक्षेची रूढ पद्धत अशी: एक ज्ञात नोंद सेवेत घालावी, ती मागून पाहावी, तिच्यातील अर्थ बदलावा व ती पुन्हा मागावी. ‘कमळ’ हा शब्द घेतल्यास ही परीक्षा सहज पार पडते. तथापि तेवढ्याने सेवा निर्दोष ठरत नाही. निवडलेला शब्द सोपा होता, एवढेच सिद्ध होते.

याउलट ‘दर्या’ (समुद्र) आणि ‘दऱ्या’ (दरीचे अनेकवचन) ही जोडी घ्यावी. यांपैकी दुसरा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिलेला आढळतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर (क्रमांक ०९३१) व हलन्तचिन्ह येते. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्तचिन्ह आणि डोळ्यांस न दिसणारा शून्यरुंदीचा जोडक येतो. वाचकास दोन्ही रूपे एकच दिसतात. संगणकास ती भिन्न असतात. युनिकोडचे प्रमाणीकरण ‘ऱ’ आणि नुक्तायुक्त ‘र’ यांना समतुल्य मानते. परंतु जोडकाच्या रूपास ते ‘ऱ’शी जोडीत नाही.

यातून परस्परविरुद्ध असे दोन दोष संभवतात. सेवा केवळ संकेतांकांची तुलना करीत असेल, तर एका रूपात घातलेली नोंद दुसऱ्या रूपाने मागितल्यास सापडणार नाही. त्या रूपाने दुरुस्ती सांगितल्यास शून्य नोंदी बदलतील. आणि एसक्यूएल भाषेत शून्य नोंदी बदलणे ही चूक मानली जात नाही. उलटपक्षी, सेवा जोडक गाळून तुलना करीत असेल, तर जोडकाने लिहिलेला ‘दऱ्या’ हा ‘दर्या’ होऊन बसतो, आणि दरीची दुरुस्ती समुद्राच्या नोंदीवर पडते. दोन्ही प्रसंगी सेवेचा निरोप ‘काम झाले’ असाच येऊ शकतो.

म्हणून परीक्षेत पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. १) जोडीतील दोन्ही शब्दांच्या नोंदी आधी सेवेत असाव्यात. २) नोंद एका रूपात घालून दुसऱ्या रूपाने मागावी, ज्या रूपात लिहिले त्याच रूपात वाचल्यास दोष झाकला जातो. ३) दुरुस्तीनंतर बदललेल्या नोंदींची संख्या नेमकी एक आहे, हे पाहावे. ४) दुरुस्त नोंदीबरोबरच तिची शेजारीण जशीच्या तशी राहिली आहे, याचीही खात्री नोंदक्रमांकाने करून घ्यावी. ५) संग्रहात नसलेला शब्द मागितल्यास उत्तर रिकामे यावे.

उपाय अवघड नाही. नोंद स्वीकारताना व शोधताना, व्यंजनापूर्वी येणारे जोडकाचे रूप प्रथम ‘ऱ्’ मध्ये बदलावे. इतर जोडक गाळायचे असल्यास ते त्यानंतर गाळावेत. हा क्रम उलटल्यास भेद कायमचा नष्ट होतो.

भाषेतील अर्थभेदक घटक निश्चित करण्यासाठी भाषाशास्त्रज्ञ एकाच घटकाने भिन्न असलेल्या शब्दांच्या जोड्या शोधतो. माहितीसेवेची परीक्षाही त्याच जोड्यांनी घ्यावी. त्या निवडण्याचे काम यंत्रज्ञाचे नव्हे. ते भाषेच्या अभ्यासकानेच केले पाहिजे.